पारंपरिक म्हणजे कोण?

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात मी एक फॉर्म भरला. त्यात तीन रकाने चुकीचे भरले. चूक मुद्दाम केली नव्हती, पण म्हणून ती लहान ठरत नाही. माझ्यासारखे अनेक जण तोच फॉर्म तसाच भरत असतात, म्हणून हे लिहितोय.

मी मुरुडचा. पुण्यात एका कंपनीत बॅकएंडचं काम करतो. डिसेंबरात गावी आलो की कोर्लईच्या एका मित्राकडे चक्कर ठरलेली. मुरुडहून नांदगाव, काशीद, बोर्ली करत रेवदंड्याच्या दिशेने निघालात की खाडी ओलांडायच्या आधी कोर्लई लागतं. किल्ला, दीपगृह, खालची बोटींची गर्दी, हे तुम्ही रील्समध्ये पाहिलं असेल. त्या गावात मित्राची आजी आहे, ऐंशीच्या घरातली. त्या संध्याकाळी पडवीत बसून तिने नाताळचं एक गाणं म्हटलं. तीन कडवी, वाद्य नाही, मधे एकदा खोकला. मी फोनवर रेकॉर्ड केलं आणि घरी आल्यावर एका म्युझिक प्लॅटफॉर्मवर टाकलं.

फॉर्म आला. भाषा? यादीत त्यांची भाषा नव्हती, मी ‘पोर्तुगीज’ निवडलं. गीतकार? ‘ट्रॅडिशनल’. गायक? ‘कोर्लई व्हिलेज’. सबमिट. दोन मिनिटांत काम झालं आणि मी स्वतःवर खूश झालो. एका लुप्त होऊ घातलेल्या गाण्याला आपण वाचवलं, असं वाटत होतं.

पुढच्या नाताळला मी तिला ते ऐकवलं. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकलं, खोकल्यापाशी हसली. मग स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली,

“हे खाली काय लिहिलंय?”

“ट्रॅडिशनल, आजी. म्हणजे पारंपरिक.”

“म्हणजे कोण?”

“म्हणजे कुणी नाही. जुनं गाणं. कुणी केलं ते माहीत नाही असं.”

“तू विचारलंस कुणाला?”

मी विचारलं नव्हतं. माझ्याकडे रेकॉर्डिंग होतं, इंटरनेट होतं, गाणारी बाई समोर बसली होती, आणि तो एक प्रश्न मला सुचला नव्हता.

मग तिने सांगितलं. पहिलं कडवं तिच्या आईचं, म्हणजे आईकडून आलेलं. त्यातल्या दोन शब्दांचा अर्थ आईलाही माहीत नव्हता, पण चाल बसते म्हणून ते तसेच राहिले. दुसरं कडवं शेजारच्या एका बाईने शिकवलं. आणि तिसरं तिचं स्वतःचं. एका वर्षी ऐन कापणीत पाऊस आला, भाताचा पेंढा कुजला. नाताळच्या गोठ्यात बाळ येशूखाली अंथरायला कोरडी काडी नव्हती. तिने आपलं जुनं लुगडं दिलं, आणि गाण्यात एक कडवं घातलं: बाळा, यंदा तुला लुगड्यावर निजावं लागेल, पुढच्या वर्षी बघू.

म्हणजे ज्या कडव्याची कवयित्री माझ्यासमोर चहा पीत होती, त्या कडव्याचा कर्ता मी ‘कुणी नाही’ असा नोंदवला होता.

आता एकेक रकाना घेऊ.

पहिला रकाना: भाषा

कोर्लईचे ख्रिस्ती लोक घरात जी भाषा बोलतात तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात. आपली भाषा, एवढाच त्याचा अर्थ. चौलला पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये किल्ला बांधायला घेतला. समोरचा कोर्लईचा डोंगर १५९४ मध्ये त्यांनी निजामशाहीकडून जिंकला. १७३९ मध्ये वसई पडली आणि १७४० च्या तहाने चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले. इथले ख्रिस्ती गेले नाहीत, कारण ते इथलेच होते. दोन-सव्वादोन शतकांच्या सहवासात तयार झालेली भाषा त्यांच्या तोंडी राहिली आणि पुढची पावणेतीनशे वर्षं मराठीच्या शेजारी वाढली. शब्द बरेचसे पोर्तुगीज वळणाचे, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. लिस्बनच्या माणसाला ती ऐकून समजेलच असं नाही.

क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने या भाषेवर १९९६ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत तिला स्वतःचा तीन अक्षरी कोडसुद्धा आहे: व्हीकेपी. म्हणजे संगणकाला ही भाषा कळू शकत नाही, ही सबब नाही. ज्याने ड्रॉपडाउन बनवला त्याने यादी लहान ठेवली, आणि ज्याने भरला, म्हणजे मी, त्याने जवळचं दिसलं ते निवडलं.

‘पोर्तुगीज’ निवडल्याने काय बिघडलं, असं कुणी विचारेल. ‘भारतातलं छुपं पोर्तुगीज गाव’ अशा मथळ्याची रील तुम्ही पाहिली असेल, कदाचित फॉरवर्डही केली असेल. त्या मथळ्यात इथली माणसं पाहुणी होतात. ज्यांच्या पिढ्यांनी याच मातीत भात लावला, त्यांना आपण एका शब्दात परदेशी करून टाकतो. मी मुरुडला बारावीपर्यंत शिकलो. तीस किलोमीटरच्या आत, माझ्याच तालुक्यात एक वेगळी भाषा बोलली जाते, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. जंजिऱ्याच्या तोफांची नावं पाठ होती.

त्या भाषेच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली. १९६० च्या दशकात व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर कॅथलिक चर्चने लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत उपासना करायची मुभा दिली. जगभर हा मोकळा वारा मानला गेला. कोर्लईत ‘लोकांची भाषा’ म्हणजे मराठी धरली गेली. शाळाही मराठी. मला माझ्या भाषेचा अभिमान आहे, पण हेही मान्य करायला हवं की या गावात मोठी भाषा मराठी आहे आणि नो लिंग बोलणारे हजाराच्या आसपास. वेदीवर जागा नाही, वर्गात जागा नाही. मग ती भाषा उरली कुठे? स्वयंपाकघरात, शेताच्या बांधावर, लग्नात, आणि आजीच्या गाण्यात. त्या गाण्याच्या नोंदीतूनही मी तिचं नाव काढून टाकलं.

दुसरा रकाना: गीतकार

नाताळच्या सर्वांत प्रसिद्ध गाण्याचं काय झालं होतं ते बघा. ‘सायलेंट नाइट’ तुम्ही ऐकलंय. मॉलमध्ये, शाळेत, कुठे ना कुठे. साल्झबर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ गावात २४ डिसेंबर १८१८ च्या रात्री ते पहिल्यांदा गायलं गेलं. शब्द योझेफ मोर या तरुण सहायक धर्मगुरूचे, दोन वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले. चाल फ्रान्झ ग्रुबर या शेजारच्या गावातल्या शाळामास्तराची. साथीला गिटार.

ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराबरोबर ते गाणं तिरोल प्रांतात पोचलं. तिथली गाणारी कुटुंबं ते घेऊन जत्रांना, मैफलींना हिंडू लागली. १८३० च्या दशकात जर्मनीत ते छापलं गेलं तेव्हा वर लिहिलं होतं: अस्सल तिरोली गाणी. १८३९ मध्ये ते न्यूयॉर्कला गेलं. कुणाही कर्त्याचं नाव नाही. लोकगीतच ते, कोण विचारतंय?

कुणीतरी विचारलं, पण ते १८५४ मध्ये, आणि तेही राजदरबाराने. बर्लिनच्या दरबारी वादकांना वाटलं, इतकं चांगलं गाणं एखाद्या मोठ्या संगीतकाराचंच असणार, बहुधा मिखाएल हायडनचं. त्यांनी साल्झबर्गला चौकशी केली. योगायोगाने ती विचारणा ग्रुबरच्या मुलापर्यंत पोचली. म्हाताऱ्या ग्रुबरने ३० डिसेंबर १८५४ ला कागदावर लिहून दिलं की हे गाणं असं असं झालं. मोर तोवर वारला होता, १८४८ मध्ये, गरिबीतच. त्याच्या स्वतःच्या हातचा कागद सापडला १९९५ मध्ये.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. छत्तीस वर्षं हे गाणं ‘पारंपरिक’ होतं आणि त्या पहिल्या तीस वर्षांत दोन्ही कर्ते हयात होते. दुसरं, ‘लोकगीत’ हे लेबल निघाल्याबरोबर लोकांनी थेट दरबारी नावाकडे झेप घेतली. मधला शाळामास्तर कुणाच्या डोक्यात आलाच नाही. आपल्या कल्पनेत गाणं एकतर थोर माणूस करतो, नाहीतर ‘समाज’ करतो. पडवीत बसलेली बाई करत नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला आणि त्याने मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. येशूच्या जन्माची कथाही त्यात आली. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. सतराव्या शतकातल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. पण स्टीफन्सचं नाव आपल्याला माहीत आहे, त्याच्यावर प्रबंध होतात. पुस्तक हरवलं तरी नाव राहिलं. कोर्लईत उलट झालं. गाणं राहिलं, नाव हरवलं. फरक प्रतिभेचा होता की छापखान्याचा, हे तुम्हीच ठरवा.

“पण लोकगीत हे समूहाचंच असतं,” असा युक्तिवाद मला हमखास ऐकू येतो, बहुतेक वेळा अशा माणसांकडून ज्यांची स्वतःची नावं त्यांच्या पुस्तकांवर ठळक छापलेली असतात. समूह गाणं जपतो, घासतो, बदलतो, हे खरं. पण समूह म्हणजे धुकं नव्हे. समूह म्हणजे आई, शेजारीण आणि आजी. आपण जिला परंपरा म्हणतो ती या गाण्यात तीन बायकांची आहे, आणि आजीला तिघींचीही नावं माहीत आहेत.

मराठीला तर हे कळायला हवं. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ ही आपली रीत. कागदावर विश्वास नव्हता म्हणून नाव गाण्याच्याच पोटात शिवून टाकलं, की तोंडोतोंडी गेलं तरी सुटू नये. आणि जात्यावरच्या ओव्यांचं बघा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ज्यांना कुणी कवी म्हटलं नव्हतं अशा बायकांच्या त्या ओव्या. आज पारीच्या संकेतस्थळावर एखादी ओवी उघडा, गाणारीचं नाव आणि गाव दिसतं. म्हणजे हे करता येतं. एवढ्या मोठ्या प्रमाणावर, स्मार्टफोन येण्याच्या आधी करता आलं.

तिसरा रकाना: गायक

इथे मुद्दा सौजन्याचा उरत नाही, कायद्याचा होतो.

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात ‘परफॉर्मर’ कोण, याची व्याख्या आहे. गायक, वादक, नर्तक, कसरतपटू, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा. रंगमंच हवा, तिकीट हवं, अशी अट नाही. थेट सादर केलं की पुरे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ३८-ब आलं. त्यानुसार सादर करणाऱ्याला ‘हे मी सादर केलं’ म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क आहे. वापराच्या स्वरूपामुळेच नाव देता येत नसेल, तेवढाच अपवाद. गाणं शंभर वर्षं जुनं असो की कालचं, गाणारीचा हा हक्क वेगळा आहे. पडवीत खोकत गाणाऱ्या आजीचाही.

म्हणजे ‘कोर्लई व्हिलेज’ असं लिहून मी तिचा सन्मान केला नव्हता. तिचा हक्क गावाच्या नावाखाली झाकला होता. आणि चॅनेलवर नाव कुणाचं होतं? माझं. बटण मी दाबलं होतं म्हणून.

तुमच्यापैकी बरेच जण माझ्याच धंद्यातले असतील, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. एमआयटी लायसन्सचा कोड आपण फुकट घेतो. हवा तसा बदलतो, विकतो, त्यावर कंपन्या उभारतो. ते लायसन्स बदल्यात जवळजवळ काहीच मागत नाही. एकच अट: मूळ माणसाच्या नावाची ओळ काढायची नाही. ती ओळ कुणी काढली तर आपण किती भडकतो? ‘चोर’ म्हणतो. ट्विटरवर धागे लिहितो. आणि संध्याकाळी तेच आपण एका म्हातारीचं गाणं तिची ओळ काढून अपलोड करतो आणि त्याला संस्कृतीचं जतन म्हणतो.

“नाव लावलं की मालकी येते, मालकी आली की गाणं बंद पडतं” ही भीतीही याच उदाहरणात विरते. नाव आणि कुलूप या वेगळ्या गोष्टी आहेत. जगातलं कितीतरी सॉफ्टवेअर नाव ठेवून, कुलूप न लावता चालू आहे. आजीने एकदाही म्हटलं नाही की हे गाणं दुसऱ्या कुणी गाऊ नये. उलट नातवंडं गात नाहीत, हीच तिची तक्रार आहे.

आणखी एक तांत्रिक गोष्ट. डेटाबेसमध्ये माहिती नसेल तर आपण ‘नल’ ठेवतो. नल प्रामाणिक असतो. तो सांगतो की इथे भोक आहे, पुढे कुणीतरी भरा. ‘ट्रॅडिशनल’ हा नल नाही. ती एक किंमत आहे. रकाना भरलेला दिसतो, व्हॅलिडेशन पास होतं, आणि पुढे कुणीही विचारत नाही. माहीत नाही, हे ‘माहीत आहे’ म्हणून नोंदवलं जातं. ती नोंद मग शोधात येते, प्लेलिस्टमध्ये येते, उद्या एखाद्या यंत्राला शिकवायच्या ढिगात जाते. दर प्रतीबरोबर चूक जास्त खरी वाटू लागते. कोर्लईच्या बाबतीत हे आधीपासून चालू आहे. त्यांची गाणी १९९८ मध्ये पोर्तुगालमध्ये सीडीवर निघाली. दमण, दीव, कोची आणि कोर्लई मिळून एक सीडी. काम मोलाचं होतं, ते झालं नसतं तर आज आपल्याकडे आणखी कमी असतं. पण सातासमुद्रापार सीडी निघते आणि तीस किलोमीटरवरच्या मुरुडच्या पोराला ती कळत नाही, यात दोष सीडीचा नाही.

मग मी काय केलं? नोंद दुरुस्त करायला गेलो. आजीला विचारलं, नाव लावायचं का? तिने थोडा विचार केला. म्हणाली, “आधी आईचं लाव. मग तिचं, शेजारणीचं. मग माझं. आणि पेंढ्याचं पण लिही, नाहीतर लोकांना वाटेल आम्ही दरवर्षी लुगडं घालतो.”

फॉर्ममध्ये पेंढ्यासाठी रकाना नव्हता. वर्णनाच्या चौकटीत सगळं लिहिलं: कोणतं कडवं कुणाकडून आलं, कुठल्या दोन शब्दांचा अर्थ कुणालाच लागत नाही, तिसरं कडवं का जोडलं गेलं. गायकाच्या जागी तिचं नाव टाकलं. तिची परवानगी तेवढ्याच जागेपुरती होती, म्हणून इथे ते लिहीत नाही. भाषेचा रकाना अजून ‘पोर्तुगीज’च दाखवतो. प्लॅटफॉर्मला दोनदा लिहिलंय, ठरावीक उत्तर आलंय. तिसऱ्यांदा लिहीन.

या डिसेंबरात तुमच्यापैकी कुणीतरी कुठेतरी फोन पुढे धरणार आहे. वसईत, कोर्लईत, गोव्यातल्या वाड्यावर. नाताळच कशाला, दिवाळीत, शिमग्यात, हळदीतसुद्धा. रेकॉर्ड जरूर करा. पण लाल बटण दाबण्याआधी चार प्रश्न विचारा. तुमचं नाव काय लिहू, की नको? हे कुणाकडून शिकलात? यात तुम्ही काय घातलंत? मी हे टाकलं तर चालेल का? उत्तरं रेकॉर्डिंगमध्येच येऊ द्या, म्हणजे फाइलपासून तुटणार नाहीत. उत्तर मिळालं नाही तर रकाना रिकामा ठेवा. फॉर्म रिकामा घेत नसेल तर ‘माहीत नाही, विचारतोय’ असं लिहा. ‘पारंपरिक’ लिहू नका.

आणि कुणी विचारलं की एवढं कशाला, गाणं पोचल्याशी मतलब, तर त्याला आजीचा प्रश्न विचारा. पारंपरिक म्हणजे कोण? मला अजून त्याचं उत्तर देता आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात कोर्लईला जातोय. आजीच्या ओळखीत आणखी एक बाई आहे म्हणे, तिच्याकडे याच चालीवर चौथं कडवं आहे.